खोटी चिठ्ठी आणि सातपुड्याचा रानपिंगळा

गेल्या वर्षी आठवीच्या वर्गात मी फळ्यावर 'घुबड' हा शब्द लिहिला आणि याला उर्दूत काय म्हणतात ते विचारले. अख्खा वर्ग एका आवाजात ओरडला, "उल्लू!" मागच्या बाकावरच्या एकाने लगेच शेजाऱ्याच्या डोक्यावर बोट ठेवले. मग मी त्यांना दुसरा शब्द दिला, 'बूम'. फारसी-उर्दू शायरीत हुमा आणि बूम अशी जोडी येते. हुमाची सावली ज्याच्यावर पडेल तो बादशाह होतो आणि बूम ज्या छपरावर बसेल ते घर ओसाड होते. अत्तारच्या 'मंतिकुत्तैर'मधले घुबडही पडक्या वास्तूत राहते, कारण तिथे खजिना पुरलेला असतो असे त्याला वाटते. मराठीत या पक्ष्याची इज्जत काही फार वेगळी नाही. एवढेच की पहाटे कंदील घेऊन येणाऱ्या आणि भविष्य सांगणाऱ्या फिरस्त्याला आपल्या गावांत 'पिंगळा' म्हणतात, आणि लहान चणीच्या घुबडालाही पिंगळाच म्हणतात.

तास संपता संपता मी मुलांना सांगितले की आपल्या खानदेशात एक पिंगळा असा आहे, जो ११३ वर्षे जगाच्या लेखी मेलेला होता. कोणालाच माहीत नव्हते. मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत विचारले, तिथेही तेच. त्यांना दोष कसा देऊ? चाळिशी जवळ येईपर्यंत मलाही ठाऊक नव्हते. म्हणून हा लेख.

पक्ष्याचे नाव रानपिंगळा. त्याची पहिली नोंद करणारा माणूस आपल्याला इतिहासाच्या पुस्तकात भेटतो, तो वेगळ्याच कारणाने. १८८५ मध्ये मुंबईत राष्ट्रीय काँग्रेसचे पहिले अधिवेशन भरले, त्यामागे असलेला ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम हा त्या काळी हिंदुस्थानातला सर्वांत मोठा पक्षी-संग्राहकही होता. ठिकठिकाणचे इंग्रज अधिकारी त्याच्याकडे पक्षी मारून पाठवत. ब्लेविट नावाच्या अधिकाऱ्याने १८७२ मध्ये आजच्या छत्तीसगडमधल्या बसना-फुलझर भागातून एक लहान घुबड पाठवले. ह्यूमने पुढच्या वर्षी ते नवी जात म्हणून जाहीर केले आणि पाठवणाऱ्याचेच नाव दिले, 'ब्लेविटी'. नंतर ओडिशाच्या बाजूला एक मिळाले. बाकीचे सगळे आपल्या खानदेशातले. जेम्स डेव्हिडसन हा सनदी अधिकारी शहादा-तळोदा भागात होता. त्याने १८८० ते १८८४ या काळात तिथल्या जंगलातून हे पक्षी गोळा केले. १८८४ नंतर काहीही नाही. सगळ्या जगात मिळून सात कातडी, आणि ती सगळी परदेशातल्या संग्रहालयांत.

इथे 'कातडे' म्हणजे काय ते सांगायला हवे, कारण पुढची सगळी गोष्ट त्यावर आहे. त्या काळी पक्षी पाहिला असे नुसते सांगून चालत नसे. तो बंदुकीने मारायचा, आतले मांस काढायचे, कातड्यात कापूस भरायचा, शिवायचा आणि पायाला दोऱ्याने एक चिठ्ठी बांधायची. चिठ्ठीवर तारीख, गाव, नर की मादी आणि मारणाऱ्याचे नाव. अशी कातडी लाकडी खणांमध्ये ओळीने ठेवलेली असतात. शंभर वर्षांनी कोणी खण उघडला तर पक्षी काही बोलत नाही, जे काय बोलते ते ती चिठ्ठी. चिठ्ठी गेली की उरतो कापूस भरलेला पिसांचा गोळा.

रानपिंगळ्याच्या बाबतीत एक चिठ्ठी सगळ्यांपेक्षा महत्त्वाची मानली गेली, कारण ती सर्वांत अलीकडची होती. ९ ऑक्टोबर १९१४, मांडवी, तापीकाठ. हे मांडवी गुजरातेत सुरत जिल्ह्यात आहे. मारणारा कर्नल रिचर्ड माइनर्ट्झहागन. ब्रिटिश लष्करातला अधिकारी, हेरगिरीच्या कथांमुळे गाजलेला, पक्ष्यांचा नावाजलेला जाणकार. त्याचा संग्रह सुमारे २०,००० कातड्यांचा होता आणि १९५४ मध्ये तो ब्रिटिश म्युझियमला मिळाला. साहजिकच नंतर ज्यांना ज्यांना रानपिंगळा शोधायचा होता, त्यांच्यासाठी त्या चिठ्ठीने वाट ठरवून दिली. सर्वांत शेवटी जिथे दिसला तिथेच आधी जायचे, कोणीही हेच करेल.

शोधणाऱ्यांमध्ये सालिम अली होते. मुंबईच्या खेतवाडीतल्या सुलेमानी बोहरा घराण्यात १८९६ साली जन्मलेला हा माणूस देशातल्या पक्ष्यांबद्दल शेवटचा शब्द मानला जाई. अमेरिकेच्या स्मिथसोनियन संस्थेचे डिलन रिप्ली यांच्यासोबत त्यांनी भारतीय उपखंडातल्या पक्ष्यांचा दहा खंडांचा ग्रंथ लिहिला. या दोघांनीही १९७० च्या दशकात रानपिंगळा शोधून पाहिला. मिळाला नाही. सालिम अली १९८७ मध्ये गेले, तोपर्यंत या पक्ष्याचा पत्ता नव्हता.

यातली मला टोचणारी गोष्ट वेगळी आहे. सालिम अली आणि माइनर्ट्झहागन १९३७ मध्ये अफगाणिस्तानच्या पक्षी-मोहिमेत एकत्र होते. एकाच तळावर राहिले. पुढे माइनर्ट्झहागनची डायरी सालिम अलींच्या वाचनात आली, तेव्हा तिच्यात आपल्याबद्दल आणि एकूणच शिकलेल्या हिंदी माणसाबद्दल किती तुच्छतेने लिहिले आहे ते त्यांना कळले. त्यांनी ते मजकूर आपल्या 'द फॉल ऑफ अ स्पॅरो' या आत्मचरित्रात स्वतःच छापले, १९८५ मध्ये, न चिडता. म्हणजे त्या माणसाचा स्वभाव त्यांना ठाऊक होता. पण त्याच्या चिठ्ठ्याही खोट्या असतील, हे त्यांच्या हयातीत उघड झाले नाही. माणूस घमेंडी असू शकतो, वंशाचा गर्व बाळगू शकतो, पण पक्ष्याच्या पायाला बांधलेल्या कागदावर खोटे लिहील, ही कल्पना त्या पिढीच्या डोक्यात शिरणे कठीण होते.

संशय मात्र आधीपासून होता. ब्रिटिश म्युझियमने फार पूर्वी या कर्नलला पक्षी-दालनात यायला काही काळ बंदी घातली होती, कारण तो परवानगीशिवाय कातडी घेऊन जाताना आढळला होता. नंतर बंदी उठली आणि प्रकरण मिटले. १९९३ मध्ये ॲलन नॉक्स यांनी त्याच्या संग्रहातल्या काही लहान पक्ष्यांवर लेख लिहून दाखवले की ती कातडी मुळात दुसऱ्यांची, संग्रहालयातून उचललेली आणि नव्या चिठ्ठ्या लावलेली आहेत. त्यानंतर स्मिथसोनियनच्या पामेला रासमुसेन आणि ब्रिटनचे नायजेल कॉलर यांनी मांडवीचा रानपिंगळा तपासायला घेतला. रासमुसेन तेव्हा रिप्ली यांच्याच प्रकल्पातून दक्षिण आशियाच्या पक्ष्यांवरच्या पुस्तकाचे काम करीत होत्या. त्यांनी कातड्याचे एक्स-रे काढले, शिवण पाहिली, आतला कापूस पाहिला. प्रत्येक संग्राहकाची कातडे भरायची एक पद्धत असते, जसे प्रत्येक शिंप्याचे काज वेगळे. या कातड्यात वरवर बदल केलेला होता, पण खाली जुने काम शिल्लक होते आणि ते डेव्हिडसनच्या हातचे होते. खानदेशात मारलेले, ब्रिटिश म्युझियममध्ये ठेवलेले एक कातडे चोरून, उसवून, पुन्हा भरून, त्याला मांडवीची चिठ्ठी लावली होती.

उर्दू शिकवणाऱ्या माणसाला इथे 'रावी' हा शब्द आठवल्याशिवाय राहत नाही. रिवायत कितीही गोड असो, ती कोणी कोणाकडून ऐकली याची साखळी आधी पाहतात, आणि साखळीतला एक रावी खोटा ठरला की त्याच्या बाकीच्या रिवायतीही संशयात जातात. माइनर्ट्झहागनच्या बाबतीत तेच झाले. त्याच्या एकेका चिठ्ठीची तपासणी सुरू झाली.

रानपिंगळ्यापुरता हिशेब मात्र सोपा झाला. मांडवी वगळायचे. १९१४ वगळायचे. उरतात ब्लेविटचे ठिकाण, ओडिशाकडचे ठिकाण आणि डेव्हिडसनचे शहादा. नोव्हेंबर १९९७ मध्ये रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट असे तिघे भारतात आले. आधी पूर्वेकडची ठिकाणे पालथी घातली. जवळपास दोन आठवडे गेले, काही दिसले नाही. मग ते शहाद्याला आले. २५ नोव्हेंबरच्या सकाळी बेन किंग यांना एका निष्पर्ण झाडावर एक लहान घुबड बसलेले दिसले.

साधा पिंगळा आपण सगळ्यांनी पाहिलेला आहे. वडाच्या ढोलीत, पडक्या भिंतीत, विजेच्या तारेवर. त्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके असतात. समोरच्या पक्ष्याच्या डोक्यावर ठिपके जवळपास नव्हते. डोके मोठे, पंखांवर आणि शेपटीवर ठळक रुंद पट्टे, पोट खालच्या बाजूला पांढरे, पाय पांढऱ्या पिसांनी भरलेले. सकाळच्या उन्हात उघड्यावर बसलेला. रासमुसेन यांनी आधी व्हिडिओ कॅमेरा लावला. पक्षी उडून गेला असता तर आणखी एक 'पाहिला म्हणे' एवढेच हाती उरले असते. पक्षी बसून राहिला. त्यांनी त्याचे चित्रण केले, फोटो काढले. रानपिंगळा जिवंत असल्याचा १८८४ नंतरचा पहिला खरा पुरावा तो, आणि त्यासाठी पक्ष्याला मरावे लागले नाही.

एवढा उघड्यावर बसणारा, दिवसा हिंडणारा पक्षी ११३ वर्षे कसा सापडला नाही, हा प्रश्न मुलांनी मला विचारला. फोटोग्राफरांच्या भाषेत रानपिंगळा अवघड पक्षी आहेच. संख्या फार थोडी, सागाच्या कोरड्या पानगळीच्या जंगलाबाहेर तो सहसा जात नाही, आणि दुरून पाहिले तर साध्या पिंगळ्यासारखा दिसतो. पण मुख्य उत्तर हेच की बाहेरचे लोक शोधत होते ते चुकीच्या जागी. जिथे तो होता, तिथले भिल्ल आणि पावरा लोक त्याला रोज पाहत असतील. त्यांना कोणी विचारले नव्हते.

बंदुकीकडून कॅमेऱ्याकडे हा प्रवास आपल्याकडे तसा जुना आहे. संयुक्त प्रांतात वनखात्यात काम करणारे एफ. डब्ल्यू. चॅम्पियन यांनी १९२० च्या दशकात रानवाटेवर तार बांधून वाघांचे फोटो काढले. वाघाचा पाय तारेला लागला की मॅग्नेशियमचा झगमगाट होई आणि जनावर आपला फोटो आपणच काढून घेई. १९२७ मध्ये त्यांचे पुस्तक आले, आणि जिम कॉर्बेट यांनी कॅमेरा हाती घ्यावा यामागे या फोटोंचा हात होता. आजचे कॅमेरा ट्रॅप त्याच तारेचे वंशज. पक्ष्यांच्या शास्त्रात मात्र फोटोला पुरावा मानायला वेळ लागला.

१९९७ नंतर कामाची खरी सुरुवात झाली, आणि ती केली बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीने. फराह इश्तियाक आणि असद रहमानी यांनी सातपुड्याच्या रांगा पायी धुंडाळल्या. २००० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या लेखात चार ठिकाणी मिळून २५ पक्षी सापडल्याची नोंद आहे. तळोदा, तोरणमाळ, मेळघाट आणि मध्य प्रदेशातले खकनार. मी हा आकडा मुलांना सांगितला तेव्हा त्यांनी आपोआप वर्ग मोजला. आमच्या वर्गात त्या दिवशी ४१ जण हजर होते.

नंतर इतर ठिकाणेही मिळत गेली. २०१४ मध्ये तर मुंबईपासून फार दूर नसलेल्या तानसा अभयारण्यात रानपिंगळा दिसला. २०१८ मध्ये जागतिक यादीत तो 'अतिसंकटग्रस्त'वरून 'संकटग्रस्त' या पायरीवर आला. हे ऐकायला बरे वाटते. तळोद्याची गोष्ट तेवढी बरी नाही. सरदार सरोवराच्या पाण्यात ज्यांची गावे बुडणार होती, त्यांच्या पुनर्वसनासाठी १९९० च्या सुमारास तळोद्याचे २,७०० हेक्टर जंगल मोकळे करायला परवानगी मिळाली. डेव्हिडसनच्या चिठ्ठ्यांवर ज्या भागाचे नाव होते, त्याच भागातले जंगल. जमीन ज्यांना मिळाली ते आपली गावे, शेते आणि कबरी-समाध्या पाण्यात सोडून आलेले आदिवासी होते. त्यांच्यावर बोट ठेवणे मला जमणार नाही, आणि शहरात बसून जे ठेवतात त्यांच्याशी माझा वाद आहे. माझा प्रश्न साधा आहे. १९७० च्या दशकात शोधणाऱ्यांना खरी चिठ्ठी दिसली असती, हा पक्षी तळोद्यात आहे हे १९९० च्या आधी कागदावर आले असते, तर तेच जंगल निवडले गेले असते का? कदाचित तरीही निवडले गेले असते. पण निवडणाऱ्याला काय जाते आहे ते माहीत तरी असते. एका माणसाच्या खोटेपणाची किंमत अशी कुठे कुठे जाऊन पडते.

आता माझी गोष्ट. चार वर्षांपूर्वी मी हप्त्यांवर एक जुना कॅमेरा आणि त्याची लांब लेन्स घेतली. घरात बोलणी बसली, ती रास्त होती. डिसेंबरच्या सुट्टीत काही ओळखीच्या छायाचित्रकारांबरोबर सातपुड्यात गेलो. जागेचे नाव मुद्दाम लिहीत नाही. आम्हाला वाट दाखवायला एक पावरा मुलगा होता, कॉलेजात जाणारा. तो म्हणाला, "सर, शांत बसलो तर तो स्वतः येतो. नऊ वाजेपर्यंत बसा." साडेसातला आमच्यातल्या एकाने पिशवीतून छोटा स्पीकर काढून दगडावर ठेवला आणि मोबाइलवरून रानपिंगळ्याचा आवाज लावला. मुलगा काही बोलला नाही, फक्त दोन पावले मागे सरकला.

संशोधकही आवाज लावून पक्षी मोजतात, हे मला माहीत आहे. ते परवानगीने, ठरावीक मिनिटे लावतात आणि तसे लेखात लिहितात. इथे तो आवाज बराच वेळ वाजत राहिला. पक्ष्याच्या दृष्टीने त्याचा अर्थ एकच होता, आपल्या हद्दीत दुसरा कोणी घुसला आहे. थोड्या वेळाने तो आला. समोरच्या सागाच्या शेंड्यावर बसला, शेपटी डावीकडे-उजवीकडे झटकत, ओरडत. पाच कॅमेरे सुरू झाले. पाचवा माझा होता.

मी तेव्हा "बंद करा" म्हणू शकलो असतो. गटात मी नवा होतो, त्यांच्या गाडीतून आलो होतो, आणि खरे सांगायचे तर मला फोटो हवा होता. फोटो चांगला आला आहे. डोके, पट्टे, पांढरे पाय, सगळे स्पष्ट. परतल्यावर दोन दिवसांत इतरांचे फोटो सगळीकडे झळकले, गावाच्या आणि नाल्याच्या नावासकट. पुढच्या महिन्यात त्या मुलाचा फोन आला. रविवारी चार-चार गाड्या येतात, सर, आणि प्रत्येकाकडे स्पीकर असतो.

माझ्यासमोरचा पेच तुमच्या लक्षात आला असेल. खोट्या जागेमुळे हा पक्षी शतकभर हरवला, हे मी आताच सांगितले. आणि आता खरी जागा लिहिली की गाड्या येतात. मी माझ्यापुरता असा मार्ग काढला: तारीख, वेळ, नाल्याचे नाव, झाड आणि 'स्पीकर लावून बोलावला' हे शब्द, सगळे माझ्या वहीत लिहिले आणि अभ्यास करणाऱ्या एका जाणकाराला कळवले. इथे फोटो टाकत नाही. टाकला तर खाली ते तीन शब्दही टाकावे लागतील, आणि मग जागा विचारणारे निरोप येतील.

त्यानंतर दोनदा त्या मुलाबरोबर गेलो, स्पीकरशिवाय. पहिल्या वेळी साडेनऊपर्यंत बसून एक साधा पिंगळा मिळाला, डोक्यावर भरपूर ठिपके असलेला. दुसऱ्या वेळी तोही नाही.

वर्गाला मात्र फोटो दाखवला. मोबाइल बाकांवरून हातोहात फिरला. कोणी "उल्लू" म्हटले नाही, निदान मोठ्याने नाही. पहिल्या बाकावरच्या मुलीने बराच वेळ पाहिले आणि विचारले, "सर, हा तुमच्याकडे एवढा रागाने का बघतोय?" मी तिला सांगितले की तो माझ्याकडे बघत नाहीये. माझ्या डाव्या हाताला, फोटोच्या चौकटीबाहेर, एक दगड होता. त्या दगडावर स्पीकर होता. तो त्याच्याकडे बघतोय.